लॅम्बसोबत वाइन निवडताना या चुका टाळा

लॅम्ब, म्हणजे कोकराचे मांस, म्हटले की रेड वाइन, आणि तीही जितकी दाट तितकी उत्तम, असे आधीच ठरवून टाकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. मांस कोणते, हा प्रश्न नंतरचा. ते कसे शिजवले आणि त्यात काय घातले, हे आधी पाहावे. बाहेरून खरपूस भाजलेल्या, आतून गुलाबी ठेवलेल्या लॅम्बसोबत काबर्ने सोविन्यों ही दाट रेड वाइन खुलते, कारण तिच्यातील टॅनिन, म्हणजे द्राक्षांच्या साली-बियांतून येणारे तुरट द्रव्य, मांसातील प्रथिनांना आणि चरबीला चिकटते व जिभेवरचा तुरटपणा निवतो. फ्रान्सच्या बोर्दोमधील पोयाक गावची वाइन आणि तिथलेच लॅम्ब ही जोडी उगाच नावाजलेली नाही. तिखट रश्श्याशी मात्र याच वाइनचे मुळीच जमत नाही.

एका स्नेह्यांकडे मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेला, मिरची सढळ हाताने घातलेला लॅम्बचा रस्सा होता आणि सोबत 15 टक्के अल्कोहोलची, ओक लाकडाच्या पिंपात मुरलेली शिराझ ही दाट रेड वाइन. पहिल्याच घोटाला पाहुण्यांचे घसे जळू लागले आणि थोड्याच वेळात सगळे ग्लास बाजूला सारून पाणी मागू लागले. यजमानांना बाटलीच खराब निघाली असे वाटले, पण ती वाइन निर्दोष होती. अल्कोहोलमुळे मिरचीचा दाह वाढतो, त्यात टॅनिनचा कोरडेपणा मिसळला की फळांचा स्वाद दबतो आणि कडवटपणा तेवढा उरतो. अशा रश्श्यासोबत मी फ्रान्समधल्या बोजोलेची गामे ही हलकी रेड वाइन किंचित गार करून देतो, किंवा थोडी गोडसर रिसलिंग ही व्हाइट वाइन. लॅम्बसोबत व्हाइट वाइन पाहून नाके मुरडणाऱ्यांनी आधी एक घोट घेऊन पाहावा.

दुसरी चूक तापमानाची. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला गारठलेल्या जुन्या घरांसाठी ठीक होता. दाट रेड वाइनला 16 ते 18 अंश सेल्सिअस पुरे. खोली उबदार असेल तर मी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवतो. तेवढाही धीर नसलेले लोक ग्लासात बर्फ टाकतात आणि चांगली वाइन पाणचट करून बसतात. बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत बाटली बुडवली तर काही मिनिटांत काम होते. ताटल्या मात्र गरम हव्यात, कारण लॅम्बची चरबी लवकर थिजते आणि टाळूला तिचा थर बसला की कोणत्याच वाइनची चव कळत नाही.

पुदिन्याच्या सॉसमध्ये व्हिनेगर बेताने घालावे, नाहीतर वाइन सपक लागते.

स्वयंपाकासाठी म्हणून विकली जाणारी, मीठ घातलेली वाइन रश्श्यात ओतू नये.

कोवळी, टॅनिनयुक्त वाइन तासभर आधी डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागू देणाऱ्या रुंद काचपात्रात, काढावी. खूप जुनी वाइन मात्र जेवायला बसतानाच, तळाचा गाळ न हलवता ओतावी.