‘आय ॲम सो सॉरी’ म्हणून झालं, पुढे काय बोलायचं?

वाईट बातमी ऐकल्यावर इंग्रजीत बोलायचं पहिलं वाक्य बहुतेकांना येतं. कुणी गेलं असेल तर ‘आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस’. नोकरी गेली, आजार निघाला, लग्न मोडलं तर ‘आय ॲम सो सॉरी टू हिअर दॅट’. ‘कंडोलन्सेस’ फक्त मृत्यूसाठी आणि शक्यतो लेखी; नोकरी गेलेल्याला तो शब्द वापरलात तर थट्टा वाटेल. एवढ्यावर पहिलं वाक्य भागतं.

खरी फजिती पुढे. समोरचा ‘थँक्यू’ किंवा ‘इट्स ओके’ म्हणतो आणि गप्प होतो. ती शांतता मला आजही जड जाते. परक्या भाषेत गप्प राहिलं की आपलं इंग्रजी उघडं पडतंय असं वाटतं, म्हणून काहीतरी बोलून ती जागा भरायची घाई होते. आणि घाईत जे सुचतं ते हमखास ‘ॲट लीस्ट’ने सुरू होतं. ‘ॲट लीस्ट ही डिडन्ट सफर.’ ‘ॲट लीस्ट यू हॅव सेव्हिंग्ज.’ व्याकरण चोख, हेतू चांगला, पण ऐकणाऱ्याला कळतं ते एवढंच की तुझं दुःख तितकंसं मोठं नाही. ‘एव्हरीथिंग हॅपन्स फॉर अ रीझन’ आणि ‘आय नो एग्झॅक्टली हाऊ यू फील’ ही त्याचीच भावंडं. ‘इट्स ओके’ ऐकून ‘ओह, गुड’ तर अजिबात म्हणू नका. सगळं ठीक आहे असं तो सांगत नसतो, तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून सांभाळून घेत असतो.

मग काय म्हणायचं? ‘दॅट मस्ट बी रिअली हार्ड.’ किंवा सरळ ‘आय डोन्ट नो व्हॉट टू से’. हे वाक्य जन्मापासून इंग्रजी बोलणारेही म्हणतात, त्यामुळे ते कच्च्या इंग्रजीचं लक्षण मुळीच नाही. जवळचा माणूस असेल तर ‘हाऊ आर यू होल्डिंग अप?’ (या सगळ्यात कसं निभावतोयस?) विचारा आणि थांबा. अडखळलात तरी चालेल. अशा वेळी कुणी तुमचे उच्चार तपासत नाही, खरंच.

शोकसंदेशांच्या पन्नास-पन्नास वाक्यांच्या याद्या पाठ करणं मला पटत नाही. त्यातलं ‘आय रिग्रेट टू हिअर’ नकाराच्या पत्रासारखं वाटतं. ‘आय पिटी यू’ तर अपमानच. ‘गेट वेल सून’ सर्दीतापाला ठीक, पण बरं न होणाऱ्या आजारात ते लिहू नका. माणूस गेला हे सांगायला ‘पास्ड अवे’ किंवा साधं ‘डाइड’. ‘एक्सपायर्ड’ औषधाच्या बाटलीला राहू द्या. मशीनकडून लिहून घेतलेला गुळगुळीत मजकूरही लगेच ओळखू येतो. तुमच्या तीन ओबडधोबड ओळी त्याहून बऱ्या. एखादा अनुभवी सहकारी असेल तर त्याच्याकडून शब्द मागण्यापेक्षा तो अशा वेळी किती कमी बोलतो, ते बघा.

‘लेट मी नो इफ यू नीड एनीथिंग’ वाईट नाही, पण मदत मागायचं काम पुन्हा त्याच्याच गळ्यात पडतं. ‘आय कॅन कव्हर युअर मीटिंग ऑन थर्सडे’ असं नेमकं सांगा. मेसेज पाठवणार असाल तर शेवटी ‘नो नीड टू रिप्लाय’ लिहा; शंभर मेसेजना उत्तरं द्यायची ताकद तेव्हा कुणात नसते.

काही आठवड्यांनी, बाकीच्यांचं विचारणं थांबलेलं असताना, ‘हाऊ हॅव यू बीन?’ एवढं विचारा. तो बोलायला लागला तर ऐका. नुसतं ‘फाइन’ म्हणाला तर खोदू नका, कामाचं बोला.