किर्केगॉर वाचायला घेताना: सुरुवात शेवटाकडून

तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला अस्तित्ववादाचा पेपर घेतला की सोरेन किर्केगॉर हा डॅनिश विचारवंत अगदी सुरुवातीलाच समोर येतो, आणि बऱ्याच जणांची गाडी तिथेच अडते. गोंधळ बहुधा क्रमाचा असतो. त्याचं 'आयदर/ऑर' 1843 सालचं, आधीचं, म्हणून तेच आधी हातात घेतलं जातं. दोन जाड खंड, एकाआड एक टोपणनावांच्या लेखकांची उतरंड, आणि चर्चवरची टीका शोधत असाल तर ती तिथे थेट सापडत नाही. क्रम उलटा लावा. आधी शेवटच्या वर्षातलं चर्चशी झालेलं भांडण वाचा, मग मागे जा.

तेव्हाचं डेन्मार्कमधलं लूथरन (प्रोटेस्टंट) चर्च म्हणजे जवळपास सरकारी खातंच. पाद्र्याची नेमणूक राजाकडून, पोटापाण्याची सोयही त्याच जागेवर. 1849 च्या संविधानाने धर्मस्वातंत्र्य दिलं, तरी राज्याचा आधार याच चर्चला राहिला. 30 जानेवारी 1854 ला या चर्चचे प्रमुख, बिशप मीन्स्टर वारले. किर्केगॉरच्या वडिलांना ज्यांच्याबद्दल अतोनात आदर, ते हे मीन्स्टर. त्यांच्या स्मरणार्थ केलेल्या प्रवचनात ईश्वरविद्येचे प्राध्यापक मार्टेन्सन यांनी त्यांना 'सत्याचे साक्षीदार' म्हटलं. किर्केगॉरच्या लेखी हा शब्द फटके खाल्लेल्या, तुरुंगात गेलेल्या, जीव दिलेल्या माणसांचा. मानमरातबात जगलेल्या बिशपचा नव्हे. त्याने लेख लिहिला, दाबून ठेवला, मार्टेन्सन नवे बिशप झाल्यानंतर 18 डिसेंबरला 'फेद्रेलान्नेत' या वर्तमानपत्रात छापला. तिथे एकूण 21 लेख झाले. मे 1855 पासून 'ओयब्लिकेत', म्हणजे 'क्षण', ही स्वतःची पत्रिका. तिचे नऊ अंक निघाले. दहावा तयार होता, पण 2 ऑक्टोबरला किर्केगॉर रस्त्यात कोसळला आणि 11 नोव्हेंबरला, 42 व्या वर्षी, रुग्णालयातच वारला. शेवटचा प्रभुभोजनाचा विधी पाद्र्याच्या हातून घ्यायला त्याने नकार दिला. साध्या विश्वासणाऱ्याच्या हातून घेतला असता, म्हणाला.

पहिल्या बैठकीला 'ओयब्लिकेत'मधली लुडविग फ्रॉमची छोटी गोष्ट पुरेशी आहे. ईश्वरविद्या शिकलेला हा तरुण काहीतरी शोधतोय. काय? तर सरकारी जागा. त्याआधी परीक्षा, मग अर्ज, मग वर्षानुवर्षं खेटे, मध्ये साखरपुडा. अखेर जागा मिळते, आणि कळतं की उत्पन्न वाटलं होतं त्यापेक्षा जवळजवळ 150 रिक्सडालरनी कमी! अर्ज मागे घ्यायला निघालेल्या या गृहस्थाला मित्र समजावतो, आणि तो व्यासपीठावर उभा राहून प्रवचन करतो: 'आधी देवाचं राज्य मिळवा.' वाचताना पेन्सिल घ्या आणि फ्रॉमने 'आधी' काय काय मिळवलं त्यावर खुणा करा. सगळी टीका त्या खुणांमध्ये आहे.

इथेच पहिली घसरगुंडी. हे वाचून बरेच जण किर्केगॉरला, ख्रिस्ती धर्मच नाकारणाऱ्या नीत्शेच्या शेजारी बसवतात. किर्केगॉरची तक्रार अगदी दुसरी आहे. ख्रिस्ती होणं इतकं सोपं झालंय की आता कोणी ख्रिस्ती उरलेलाच नाही, असं तो म्हणतो. जन्मला, बाप्तिस्मा झाला, झाला ख्रिस्ती. त्याच्या 'पोस्टस्क्रिप्ट' या पुस्तकात (1846) एक माणूस बायकोला म्हणतो की आपण खरंच ख्रिस्ती आहोत का, शंका येते. ती म्हणते, असं कसं? तुम्ही डॅनिश ना? भूगोलाच्या पुस्तकात देशाचा मुख्य धर्म लिहिलाय ना? ज्यू नाही, मुसलमान नाही, कचेरीत काम चोख करता, मग अजून काय हवं?

भाषेचाही एक सापळा आहे. डॅनिशमध्ये 'क्रिस्तेन्दोम' म्हणजे ख्रिस्ती धर्म. इंग्रजी 'ख्रिसेन्डम' म्हणजे ख्रिस्ती म्हणवणारा सगळा समाज, ज्याला डॅनिश शब्द वेगळा आहे. त्याचा हल्ला दुसऱ्यावर, पहिल्याच्या बाजूने. मराठीत दोन्हींना 'ख्रिस्ती धर्म' लिहिलंत की उत्तराचा अर्थच उलटतो. तसंच 'फेथ'ला 'श्रद्धा' लिहिण्याआधी थांबा: आपल्याकडे तो शब्द 'अंधश्रद्धे'च्या वादातून आलेला असतो. मराठी बायबल 'विश्वास' म्हणतं, तोच बरा. आणि 'विश्वासाची उडी' हा तयार वाक्प्रचार त्याच्या तोंडी घालू नका; तो 'उडी' म्हणतो, पूर्ण शब्दप्रयोग नंतरच्यांचा.

मग त्याचं 'फिअर अँड ट्रेम्बलिंग' (1843) घ्या. नाव पौलाच्या पत्रातलं, मराठी बायबलात 'भीत व कापत'. पुस्तक उघडण्याआधी बायबलातल्या 'उत्पत्ती'चा 22 वा अध्याय मोठ्याने वाचा: देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला मोरियाला निघतो. त्या वाटेवरच्या तीन दिवसांपाशी रेंगाळा. सुरुवातीला अब्राहामाच्या प्रवासाच्या चार आवृत्त्या येतात. एकीत तो इसहाकापुढे मूर्तिपूजक असल्याचं सोंग करतो, पोराचा बापावरचा विश्वास गेला तरी देवावरचा राहावा म्हणून. चारही वेळा काहीतरी चुकतं. काय चुकतं ते प्रत्येकाखाली एका ओळीत लिहा. एवढं केलंत की 'नीतीचं स्थगन', म्हणजे देवाच्या आज्ञेपुढे नीतीचा नियम बाजूला ठेवता येतो का, हा पुढचा अवघड भाग निम्मा सुटतो. दिवसाला दहा-बारा पानं पुरेत. ॲलस्टर हॅने यांचा पेंग्विनचा अनुवाद सुरुवातीला बरा. प्रबंधासाठी हाँग दाम्पत्याचा, प्रिन्स्टनचा.

याच पुस्तकातला विश्वासवीर, म्हणजे खरा विश्वास जगणारा माणूस, दिसायला करवसुली कारकुनासारखा आहे. घरी जाताना त्याच्या डोक्यात बायकोने भाजलेल्या कोकराच्या मुंडीचा बेत असतो. खिशात चार शिलिंग नाहीत, तरी पदार्थ असणार याची खात्री. नसला तरी चेहरा तोच. तुकोबांच्या दांभिकांवरच्या अभंगांशी याची जोडी लावायचा मोह मराठी वाचकाला होतोच. परीक्षेत लावू नका. इथे प्रश्न ढोंगाइतकाच ऐदी समाधानाचा आहे, आणि हा कारकून बाहेरून अगदी समाधानी दिसतो.

आणि अवतरण देताना नाव नीट. 'फिअर अँड ट्रेम्बलिंग' योहानेस दे सिलेन्तिओ या टोपणनावाचं, 'पोस्टस्क्रिप्ट' योहानेस क्लिमाकस या टोपणनावाचं. 'ओयब्लिकेत' मात्र त्याचं स्वतःचं, खऱ्या नावाने. टोपणनावाच्या पुस्तकांतला एकही शब्द माझा नाही, उद्धृत करायचं तर त्या लेखकाच्या नावे करा, अशी विनंती 'पोस्टस्क्रिप्ट'च्या शेवटी त्याने स्वतःच छापली आहे.