गिरणी कामगाराच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. लालबाग-परळच्या चाळीत किंवा कोकणातल्या घरी आपले वडील, आजोबा असतील, तर त्यांच्या आठवणी नोंदवण्याचे काम पुढच्या गणपतीवर ढकलू नये.

सुरुवात संपापासून करू नये. तो विषय इतक्यांदा बोलून झालेला असतो की ठरलेली उत्तरे मिळतात. प्रत्यक्ष काम कसे चालत असे, हे मात्र त्यांना क्वचितच कोणी विचारलेले असते. कोणते खाते, किती साचे (माग), बदली कामगार म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, किती दिवस काढले, फाटकाशी उभे राहूनही काम मिळाले नाही तर दिवस कुठे जाई, चाळीतल्या गाळ्यात, म्हणजे खोलीत, किती माणसे राहत आणि पाळीप्रमाणे झोपायची जागा कशी वाटून घेत, हे विचारावे. माझ्या वडिलांना शब्द सापडेनात तेव्हा मी त्यांच्या हाती सुताची दोन टोके दिली. त्यांनी न पाहता, बोटांच्या एका झटक्यात ती सांधली आणि मग तासभर थांबले नाहीत.

सन विचारू नये. ‘लग्नाआधी की नंतर’, ‘संपाआधी की नंतर’ असे विचारावे. साच्यांच्या गडगडाटात आयुष्य गेलेल्यांना कमी ऐकू येते, म्हणून पंखा बंद करून, ज्या कानाने नीट ऐकू येते त्या बाजूला बसावे आणि मोबाईल जवळ ठेवावा.

घरातल्या बायकांशी स्वतंत्रपणे बोलावे, कारण पुरुष समोर असले की त्या गप्प राहतात. सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत प्रामुख्याने बायकाच होत्या. शिवाय गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालणारी खानावळ चालवणाऱ्या बाईला कोणाची किती उधारी होती आणि संपात ती उधारी कशी थकली, हे नेमके ठाऊक असते.

गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या (सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या) घरासाठी जपलेली कागदांची पिशवी बहुतेक घरांत असतेच. पगाराची पावती, तिकीट नंबर (गिरणीतला कामगाराचा क्रमांक), ईएसआय (कामगार विमा) कार्ड यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत. मूळ कागद मात्र कोणालाही देऊ नयेत.

लिहून काढताना ‘साचा’ हा शब्द बदलून ‘यंत्रमाग’ करू नये. लिहिलेले त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे आणि जे वगळा म्हणतील, ते वगळावे.