स्थलांतरित शेतमजुरांच्या वस्तीवर सेवेला जाताना
प्रार्थनामंडळातर्फे स्थलांतरित शेतमजुरांच्या वस्तीवर जायचे असेल, तर ते शेतातून परतून हातपाय धुऊन बसल्यावर जावे आणि पहिल्या भेटीत फक्त ऐकून घ्यावे. मदतीला उपासनेची अट कधीही घालू नये. भुकेल्याकडून प्रार्थना करवून घेणे ही सेवा नव्हे. सर्वांत मोलाची मदत म्हणजे हजेरीची वही: तारीख, कामाचे तास, भरलेल्या पेट्या आणि घेतलेली उचल रोज स्वतःच्या हाताने नोंदवायला प्रत्येकाला शिकवावे, कारण हिशेबाच्या दिवशी मुकादमाच्या कागदासमोर मजुराकडे हाच पुरावा असतो. लिहिता येत नसेल, तर भरलेल्या प्रत्येक पेटीसाठी वहीत एक रेघ ओढली तरी चालते. फवारणीचे कपडे मुलांच्या कपड्यांपासून वेगळे धुण्यास आवर्जून सांगावे. शाळेचे दाखले मुक्काम हलण्यापूर्वीच मिळवून द्यावेत. मूळ कागद मात्र कुटुंबाकडेच राहू द्यावेत.