स्कॅनमध्ये अनपेक्षित काही आढळल्यास मनावरचा ताण कसा हाताळावा

मूतखड्यासाठी केलेल्या सीटी स्कॅनच्या अहवालात फुप्फुसातल्या ४ मिलिमीटरच्या नोड्यूलचा (लहानशा गाठीचा) उल्लेख येतो, किंवा पोटाच्या सोनोग्राफीत मूत्रपिंडावरची सिस्ट (द्रवाने भरलेली पिशवी) दिसते. मूळ तक्रारीशी अशा नोंदीचा बहुधा संबंध नसतो. तरीही अहवाल हाती पडल्यापासून डॉक्टरांची भेट होईपर्यंत अनेकांची झोप उडते आणि आजवर न जाणवलेली दुखणी जाणवू लागतात.

म्हणून अहवाल शक्यतो डॉक्टरांसमोरच वाचावा. आधी वाचलाच, तर रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणारा डॉक्टर, दिसलेली बारीकसारीक गोष्टही नोंदवतो आणि नोंद म्हणजे निदान नव्हे, हे ध्यानात ठेवावे. पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्या झिजलेल्या आढळल्या. रात्री मोबाइलवर एकेक शब्द शोधत बसल्याने यातले काहीच कळत नाही, धास्ती मात्र वाढते.

भेटीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत: हे बहुधा काय असावे, काहीच उपचार केले नाहीत तर काय होईल, पुन्हा तपासणी करायची असल्यास नेमकी केव्हा, आणि कोणते लक्षण दिसल्यास त्याआधीच यावे? ‘काही नाही, काळजी करू नका’ एवढ्यावर समाधान मानू नये, कारण मोघम दिलाशाने शंका मिटत नाही; कारणासह दिलेल्या उत्तराने मिटते. उदाहरणार्थ, छातीच्या स्कॅनमधील तज्ज्ञांच्या फ्लाइश्नर सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पूर्वी कर्करोग नसलेल्या आणि धोका कमी असलेल्या प्रौढ व्यक्तीत योगायोगाने आढळलेल्या ६ मिलिमीटरपेक्षा लहान घन (भरीव) नोड्यूलसाठी नेहमीच्या फेरतपासणीची गरज नसते. याउलट अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल) ग्रंथीवर गाठ आढळल्यास संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) चाचण्या आवश्यक ठरतात, त्यामुळे दिलासा मिळाला म्हणून अहवाल कपाटात टाकून विसरणेही तितकेच चुकीचे आहे.

वाट पाहण्याचा काळ सर्वांत अवघड असतो. फेरतपासणीची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी आणि जुन्या फिल्म व सीडी जपून ठेवाव्यात, कारण तुलनेसाठी त्यांची गरज लागते. घरातल्या एका समंजस व्यक्तीला सर्व सांगावे; साऱ्या नातेवाइकांना कळवल्यास प्रत्येकाचा सल्ला ऐकण्याचे ओझे अंगावर येते. झोप किंवा कामावरचे लक्ष दोन आठवड्यांनंतरही सावरले नाही, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे; शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

कोणतीही तक्रार नसताना ‘संपूर्ण शरीर तपासणी’चे पॅकेज घेणाऱ्यांनी अशी अनपेक्षित नोंद निघू शकते, हा विचार आधीच करावा. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागल्यावर २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानांचे प्रमाण १९९३ च्या सुमारे १५ पट झाले, मृत्यूचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले; म्हणजे जास्तीच्या निदानांपैकी बहुतेक कर्करोग जिवावर बेतणारे नव्हते.