मोटरहोममधला गॅस गीझर: कधी चटका, कधी गार पाणी

मुंबईत गाडी सोसायटीत उभी असली की आमच्या मोटरहोममधला इन्स्टंट गॅस गीझर हमखास छळायचा. पाणी एक तर कढत, नाहीतर एकदम गार. महाबळेश्वरच्या थंडीत मात्र हाच गीझर गुणाने चालतो, म्हणजे बिघाड त्याच्यात नव्हता.

मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला साधारण साडेदहा किलोवॅट लागतात. आच तीच ठेवून पाणी 3 लिटरवर आणलं की वाढ थेट 50 अंश! त्यात मे महिन्यात टाकीतलं पाणी मुळातच कोमट. चटका बसला की आपण गार पाण्याचा नळ सोडतो. मग गीझरमधून पाणी आणखी कमी जातं, आणखी तापतं आणि शेवटी धार फारच कमी झाली की बर्नरच विझतो.

मी गॅसचा नॉब अगदी कमीवर नेला, पाण्याचा पूर्ण उघडला आणि पाणी वाचवणारा शॉवर काढून मोठ्या भोकांचा लावला. गार पाणी मिसळणं बंद. तरीही पाण्याची ऊब वरखाली व्हायची, कारण 12 व्होल्टचा पंप सारखा चालू-बंद होत होता. पंपापुढे पाण्याचा दाब सांभाळणारी छोटी प्रेशर टाकी बसवली आणि धार एकसारखी झाली.

साबण लावताना नळ बंद केला असेल, तर पुन्हा सोडल्यावर पहिली धार अंगावर घेऊ नका, ती जास्तच तापलेली असते. आणि गीझर बाथरूमच्या आत कृपया लावू नका. आमचा बाहेरून उघडणाऱ्या बंदिस्त खणात आहे, धूर थेट बाहेर जातो. त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.