मटण-पनीर कमी करताय? खान्देशी घरात होणाऱ्या या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरातला आठवडाभराचा स्वयंपाक डोळ्यांपुढे आणा. कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत, फौजदारी डाळ, पातोडीची रस्साभाजी, खिचडी, वरण-बट्टी. बट्टीवरचं तूप आणि चहातलं दूध सोडलं, तर बाकी सगळं शेतातून आलेलं. तरी "आता आपण पर्यावरणाचा विचार करून खायचं" असं ठरवलेली घरं दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुन्या वळणावर येतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं. हा बदल बाहेरून, पाकिटातून आणायची गोष्ट आहे असं घरातल्या कुणाला तरी वाटलेलं असतं.

श्रावणाचा मुहूर्त

आखाडात पोटभर खाऊन घ्यायचं आणि श्रावण लागला की बंद. सुरुवातीला हे सोपं वाटतं, कारण घरात आधीच शिस्त असते. अडचण अशी की श्रावण म्हणजे व्रत, आणि व्रताचे दिवस मोजले जातात. गणपती गेले की पिशवी घेऊन भाऊ मटणाच्या दुकानापुढे उभा. त्यापेक्षा कुठल्याही साध्या महिन्यात, काहीही जाहीर न करता, आठवड्यातून दोनदा होणारं मटण एकदा करा. आधी ताटात डाळी-कडधान्यं वाढवायची, मग मांस घटवायचं. हा क्रम उलटा झाला की तिसऱ्याच दिवशी आबा ताटाकडे बघून विचारतात, "हाई काय जेवण शे?" घरात कुणी माळकरी असेल तर पहिला सल्ला त्यांचा घ्या. त्यांनी अनेक वर्षं हेच केलेलं असतं, फक्त त्याला नवं नाव दिलेलं नसतं.

मटणाच्या जागी पनीर

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात कमी लक्षात येणारी. मटण बंद झालं म्हणून घरात पनीर मसाला, पनीर भुर्जी, पनीर पराठा सुरू होतो आणि सगळ्यांना वाटतं की आपण पृथ्वीवर उपकार केले. एक किलो पनीरला पाच ते सात लिटर दूध लागतं. गाय-म्हैस रवंथ करते तेव्हा मिथेन बाहेर पडतो, आणि शेळी-मेंढीचंही तेच. 2018 साली 'सायन्स' नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांची माहिती घेऊन केलेला. त्यात जागतिक सरासरीने किलोमागे चीजचा पर्यावरणावरचा भार कोंबडीपेक्षा जास्त निघाला. पनीर त्यात वेगळं मोजलेलं नाही, पण तेही दूध फाडूनच होतं, त्यामुळे त्याची गत फार वेगळी असणार नाही. म्हणजे कोंबडी सोडून रोज पनीर खाणारं घर पर्यावरणाच्या हिशेबात पुढे सरकलंच असं नाही.

गोठ्यात स्वतःची गाय असलेल्या घराला दुधावरून कुणी उपदेश करू नये, असं माझं मत आहे. तिथे शेण शेतात जातं, कडबा गायीला जातो, हिशेब वेगळा असतो. पण शहरात विकत घेऊन खाणाऱ्यांनी आधी पनीर, खवा आणि बर्फी कमी करावी. दुधाचा पेला नंतर बघता येईल.

रस्सा गेला की घर बिथरतं

लोकांना आठवतं ते बऱ्याचदा मटण नसतं, काळ्या मसाल्याचा रस्सा असतो. आणि मांस बंद करताना नेमका तोच बंद होतो. त्या जागी येतात उकडलेल्या भाज्या आणि काकडीच्या चकत्या. सुकं खोबरं आणि कांदा जाळावर काळपट होईपर्यंत भाजून केलेलं वाटण तसंच ठेवा, तेलाचा तवंगही ठेवा, फक्त आत काय शिजतंय ते बदला. वांगी, सोयाबीन वड्या, मठाची (मटकीची) उसळ, पातोड्या, काहीही चालतं. सगळ्यात चांगले डुबुक वडे, म्हणजे उकळत्या रश्शात सोडलेले बेसनाचे गोळे.

नव्या पिढीचे डुबुक वडे रश्शात विरघळतात आणि पिठल्यासारखं काहीतरी होतं. याची कारणं ठरलेली आहेत. बेसन सैल भिजवलेलं असतं, नाहीतर रस्सा पुरता उकळलेला नसतो. पीठ बोटांवरून ओघळू नये, गोळ्यासारखं सुटून पडावं. रश्शाला खळखळ उकळी असताना आधी एकच वडा सोडून बघा. तो फुटला तर पिठात चमचाभर बेसन घाला. टिकला तर बाकीचे भराभर सोडा आणि चार-पाच मिनिटं डाव अजिबात घालू नका. शिजलेले वडे हलके होऊन वर येतात. वरून शिजून आत कच्चे राहत असतील तर आकार मोठा झालाय, लिंबाएवढा नको, बोराएवढा पुरे. रस्सा सुरुवातीला नेहमीपेक्षा पातळ ठेवा, कारण वडे पाणी ओढतात आणि तासाभरात तो आळतो.

बटाटा, साबुदाणा आणि शेव

शाकाहारी आहे म्हणून पोषक आहे, असं नसतं. साबुदाण्यात स्टार्चच असतो, प्रथिनं जवळपास नाहीत. शेवभाजी मला प्रिय आहे, पण ती रोजची भाजी नव्हे, मुलं कितीही म्हणोत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम.

हा आकडा ऐकून डबाबंद पावडर शोधायची गरज नाही. चार भाग ज्वारी, एक भाग सालीसकट उडीद, चवीपुरतं मीठ आणि हवी तर थोडी मेथी असं दळून आणलेलं कळणं घ्या. त्याच्या दीडशे ग्रॅम पिठात, म्हणजे दोन बऱ्यापैकी भाकरींत, 18 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यातलं लायसिन ज्वारीत कमी असतं ते उडीद भरून काढतो, उडदात मेथिओनिन हा घटक कमी असतो तो ज्वारीकडून येतो. सोबत वाटीभर घट्ट डाळ आणि शेंगदाण्याची चटणी असली की निम्म्याहून जास्त काम झालं. भाकरी थापताना चिरत असेल तर बहुधा पीठ जुनं आहे. पंधरा दिवसांपुरतंच दळा आणि उकळत्या पाण्यात पीठ मळा.

पोट फुगतं, मग सगळं बंद

कडधान्यातली काही साखर आपल्याला पचत नाही, आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. घरात एकदम रोज चवळी-हरभरा सुरू केला तर तक्रार येणारच. आधी मूग आणि मसूर, मग मठ, आणि हरभरा सगळ्यात शेवटी. भिजवलेलं पाणी फेकून द्या, नीट मऊ शिजवा, फोडणीत हिंग घाला. दोन-चार आठवड्यांत पोट सरावतं.

आपल्याकडे वैशाखात आणखी एक भानगड होते. भुसावळ-जळगावला पारा 44-45 अंशांवर गेला की रात्री भिजवलेले मूग सकाळी बुळबुळीत होतात आणि आंबूस वास येतो. तेव्हा रात्रीऐवजी पहाटे भिजवा, दोनदा पाणी बदला. मोड आणायचे असतील तर ओल्या फडक्यात बांधून माठाशेजारी ठेवा. वास आलाच तर धुऊन वापरायचा मोह टाळा, सरळ खतात टाका.

बी-12 कडे दुर्लक्ष

इथे चालढकल नको. बी-12 जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिना, मोड आलेली कडधान्यं, आंबवलेलं पीठ यांवर विसंबू नका. यकृतात साठा असतो, त्यामुळे कमतरता काही वर्षांनी दिसते. हातापायांना मुंग्या, जिभेची आग, सतत थकवा. पालेभाज्यांतल्या फोलेटमुळे रक्ताची तपासणी वरवर ठीक दिसू शकते आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र चालू राहतं. दूध, अंडी, मांस सगळंच बंद करणार असाल तर तपासणी आणि गोळी डॉक्टरांना विचारून आधीच ठरवा, गरोदर सून, लहान मूल आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी तर नक्कीच.

लोहाचं त्यामानाने सोपं आहे. भाजीवर लिंबू पिळा आणि जेवल्यावर लगेच चहा घेऊ नका. कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी.

केळफूल बांधावर, ॲव्होकॅडो ताटात

केळीला घड पडला की खालचं केळफूल मोडून काढतात आणि ते बांधावर सडतं. रावेर-यावलच्या पट्ट्यात हे ढिगाने मिळेल, आणि त्याच घरांत कुणीतरी मोबाईल बघून ॲव्होकॅडो मागवतं. केळफूल निवडायला वेळ जातो हे खरं. हाताला तेल लावा, प्रत्येक फुलातला कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढा, चिरून लगेच मिठाच्या पाण्यात टाका म्हणजे काळं पडत नाही. चण्याची डाळ घालून भाजी करा.

लांबून आलेलं सगळंच वाईट असं मात्र नाही. अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जागतिक पातळीवर दहा टक्क्यांच्या आत आहे, विमानाने आलेला माल सोडून. काय खाता हे कुठून आलं यापेक्षा जास्त मोजलं जातं. पाण्याचा विचार केला तर दादर ज्वारी काळ्या जमिनीतल्या ओलीवर निघते, गव्हाला मात्र पाण्याच्या पाळ्या द्याव्या लागतात. आठवड्यातून तीन दिवस पोळीऐवजी भाकरी, एवढं करून पाहायला हरकत नाही.

मे महिन्यात भाज्या महाग आणि सुकलेल्या. तेव्हा सांडगे, वाळवलेली गवार आणि डाळी बाहेर काढा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. वरचं तूप ज्याचं त्याने ठरवावं, सणाच्या दिवशी ताटावरून वाद घालू नये.

चहापासून सुरुवात करणं

दूध सोडायचं म्हणून पहिला घाव चहावर घालतात, आणि तिथेच घर बंड करतं. चहा सगळ्यात शेवटी. तोवर दह्याऐवजी कधी शेंगदाण्याची पातळ चटणी आणि शिऱ्यात पाणी-गूळ, एवढंच चालू द्या. सोया दूध उकळत्या चहात ओतलं की फाटतं, कारण चहाचा आंबटपणा आणि उष्णता एकदम लागते. त्यामुळे चहा गाळून कपात घ्या, मिनिटभर निवू द्या, दूध वेगळं कोमट करून हळूहळू घाला. आलं असेल तर आधी पाण्यातच भरपूर उकळून घ्या, तरीही फाटला तर पुढच्या वेळी आलं वगळून वेलची घाला.